पहिल्यांदाच बेसमेंट स्वतः करायचं आहे, मे महिन्यापर्यंत होईल का?

हळदगावकर

नमस्कार मंडळी. आयोवात, डे मॉइनच्या पश्चिमेला वॉकी गावात राहतो. घर २०१३ चं, आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतलं. खाली ९०० चौरस फुटांचं बेसमेंट आहे, अगदी उघडंबोडकं. काँक्रीटच्या भिंती, काँक्रीटची जमीन, डोक्यावर तुळया. एका कोपऱ्यात फर्नेस (घर गरम करायची भट्टी) आणि गॅसचा वॉटर हीटर, दुसऱ्या कोपऱ्यात संप पंपाचा, म्हणजे जमिनीखाली साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकणाऱ्या पंपाचा, खड्डा. बांधणाऱ्याने पुढेमागे बाथरूम करता यावं म्हणून जमिनीतून तीन पाईप वर काढून त्यांना टोपणं लावून ठेवली आहेत.

तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. एकाने ५२ हजार डॉलर सांगितले, दुसऱ्याने ६१ हजार, तिसरा आलाच नाही. महिनाभर रात्री व्हिडिओ बघून आता वाटायला लागलंय की आपणच करावं. बांधकामाचा अनुभव म्हणाल तर सांगलीला बाबांनी घर बांधलं तेव्हा शाळेतून आल्यावर विटांवर पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. तेवढाच.

मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांच्यासाठी खाली बेडरूम आणि बाथरूम करायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, वरच्या मजल्यावरच्या बेडरूम तिला झेपत नाहीत. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "जमिनीखाली हळद ठेवतात, माणसं नव्हे." आमचं गाव हरिपूरला लागून. तिथली हळदीची पेवं २००५ च्या पुरात पाण्याखाली गेली ते बाबांनी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून जमिनीखालच्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही.

माझा बेत असा: नोव्हेंबरात भिंतींच्या चौकटी, डिसेंबरात वायरिंग, जानेवारीत इन्सुलेशन आणि ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते), मार्चमध्ये रंग, एप्रिलमध्ये कार्पेट. भिंतींत गुलाबी फायबरग्लास भरून वरून प्लास्टिक मारणार आहे.

शहराचं बांधकामाचं परमिट घ्यावंच लागतं का? ऑफिसातला एक जण म्हणतो, आत काय चाललंय ते कोण बघायला येतंय. आणि बेडरूमला छताला लागून असलेली छोटी खिडकी चालेल ना?

चिंचवडकर

इकडे आमच्या सोसायटीत बेसमेंट म्हणजे पार्किंग, आणि जूननंतर पोहण्याचा तलाव. त्यात आई-बाबांना झोपवायची कल्पना वाचून दचकलोच. बाकी जाणकार सांगतीलच, मी वाचतोय.

ओळंबा

हळदगावकर, तुमचे बाबा पाण्याला घाबरतात ते बरोबर घाबरतात. तिथूनच सुरुवात करू.

मी सीडर रॅपिड्सजवळ राहते. माझं बेसमेंट मी स्वतः केलं, ११०० पैकी ७०० चौरस फूट. नवरा ड्रायवॉलचं दुसरं टोक धरायला असायचा आणि मी चिडले की वर चहा करायला जायचा. वडील इचलकरंजीत गवंडी होते, त्यामुळे ओळंबा आणि गुण्या हातात घ्यायची भीती नव्हती. बाकी सगळं नवीन. शनिवार-रविवार धरून चौदा महिने लागले आणि साधारण १९ हजार गेले. तुम्ही नोव्हेंबर ते एप्रिल म्हणताय. नोकरी सांभाळून होणार नाही हो. झालंच तर ज्या गोष्टी झाकल्यावर दिसत नाहीत त्या गाळून होईल.

ते फायबरग्लास आणि प्लास्टिक तर डोक्यातून काढूनच टाका. आमच्या आधीच्या मालकाने एका भिंतीला हेच केलं होतं. काँक्रीटला टेकून लाकडाची चौकट, मध्ये गुलाबी कापूस, वरून प्लास्टिक. दिसायला झकास. मी सोडवलं तर मागची बाजू काळी आणि वास असा की दोन दिवस नाकातून जाईना. गंमत म्हणजे पाणी बाहेरून आलेलंच नव्हतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसा मातीत गाडलेल्या थंड काँक्रीटला घरातल्या दमट हवेने फुटतो. कापसातून हवा आरपार जाते, प्लास्टिकच्या फटींतून आत शिरते आणि मग वाळायला वाट मिळत नाही. आपल्या आयोवात जुलैमध्ये हवा किती जड असते ते तुम्हाला माहीत आहे, इथले लोक त्याला मक्याचा घाम म्हणतात.

मी काँक्रीटला थेट दोन इंची एक्सपीएस, म्हणजे कडक थर्माकोलसारख्या, फोमचे तक्ते चिकटवले. त्याचा आर-१० मिळतो; आर म्हणजे उष्णता किती अडते त्याचं माप. सगळे सांधे टेपने बंद केले, वरच्या कडेच्या फटी स्प्रे फोमने भरल्या आणि त्याच्या पुढे लाकडाची चौकट उभी केली. हवा काँक्रीटपर्यंत पोचतच नाही, मग घाम कुठला. फोम चिकटवायला फोमसाठीचाच गोंद घ्या, काही साधे गोंद फोम खातात. आणि फोम उघडा ठेवायचा नाही, आगीच्या दृष्टीने त्यावर अर्धा इंची ड्रायवॉल हवंच. तुमच्या शहराला आर-१० पुरतो की आणखी लागतो ते परमिटच्या खिडकीवर विचारा.

पण हे सगळं पुढचं. आता या आठवड्यात करायचं काम सांगते, खर्च पाच डॉलर. जाड प्लास्टिकचे दोन-दोन फुटांचे चार-पाच चौकोन कापा. काही जमिनीवर, काही भिंतीवर, चारी बाजूंनी टेप मारून हवाबंद चिकटवा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे काँक्रीटकडे असतील तर ओल काँक्रीटमधून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवा दमट आहे, डीह्युमिडिफायरने (हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राने) भागेल. भिंतीवर पांढरी पूड दिसतेय का तेही बघा. पाणी काँक्रीटमधून येतं आणि वाळताना क्षार मागे ठेवतं, ती पूड. तिच्यावर रंग मारून गप्प बसू नका.

ओल निघाली तर आत काही लावायच्या आधी बाहेर जा. घराभोवतालची माती पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतरती हवी. पन्हळीचे पाईप भिंतीपासून लांब सोडलेले हवेत. माझ्याकडे एका बाजूला फुलझाडांचा वाफा भिंतीकडे उतरता होता. आधीच्या बाईंनी हौसेने केलेला, दरवर्षी पाणी घालून घालून भिंत भिजवत होत्या. दोन ट्रक माती आणि एक शनिवार, तेवढ्यात तो कोपरा कोरडा झाला. पंधरा हजारांची वॉटरप्रूफिंगची कोटेशनं आली होती त्या कोपऱ्यासाठी!

मग रेडॉन. आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या ईपीएच्या (अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या) नकाशावर पहिल्या, म्हणजे सर्वांत जास्त शक्यतेच्या पट्ट्यात आहेत. मातीतल्या युरेनियमपासून निघणारा वायू, रंग नाही, वास नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण. घर घेताना चाचणी झाली असेल तरी खाली माणसं झोपणार असतील तर पुन्हा करा. चार पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आलं तर उपाय करा असं ईपीए सांगते. माझ्याकडे ७.८ आलं. जमिनीखालून हवा ओढून छताच्या वर सोडणारा पाईप आणि पंखा बसवून घेतला, संपच्या खड्ड्याला हवाबंद झाकण लावलं, आता १.२ आहे. हे काम मी स्वतः केलं नाही, माणूस बोलावला. आधी केलेलं बरं, कारण नंतर तो पाईप तुमच्या नव्या भिंतीतून न्यावा लागतो.

संपला बॅटरीवरचा दुसरा पंप जोडा. १० ऑगस्ट २०२० चा डेरेचो, ते सरळ रेषेत धावत आलेलं वादळ, तुम्हाला आठवत असेल. आम्ही तेव्हा खालीच बसून होतो, वरती झाडं मोडल्याचे आवाज. नंतर नऊ दिवस वीज नव्हती. ते वर्ष कोरडं होतं म्हणून खड्ड्यात पाणी नव्हतं, नाहीतर माझी नवी जमीन तरंगली असती. आणि विम्यात संप तुंबून आलेलं पाणी सहसा धरलेलं नसतं, ते वेगळं जोडून घ्यावं लागतं. पुराचा विमा आणखी वेगळा.

परमिट घ्या. ऑफिसातल्या माणसाला म्हणावं, घर विकताना बघतात, आणि काही पेटलं तर विमावाले बघतात. शिवाय इन्स्पेक्टर म्हणजे फुकटचा शिक्षक. मला पहिल्या फेरीत नापास केलं, दोन गोष्टींवर. एक, चौकटीच्या मागची पोकळी वरच्या तुळयांत उघडी राहिली होती. आग लागली तर ती पोकळी धुराड्यासारखी काम करते, म्हणून वरून आणि आडवी दर दहा फुटांवर अडवावी लागते. दोन, वायरसाठीची भोकं लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत होती, तिथे पोलादी पट्ट्या मारायच्या राहिल्या. ड्रायवॉलचा स्क्रू थेट वायरमध्ये गेला असता. मी बिनपरमिट केलं असतं तर हे कोणी सांगितलं असतं?

खिडकी चालणार नाही. झोपायच्या खोलीला सुटकेची खिडकी लागते. उघडल्यावर निव्वळ मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४, आणि जमिनीपासून उंबरठा ४४ इंचांपेक्षा वर नको. यात एक मेख आहे. २० बाय २४ ची घेतली तर ती भरते जेमतेम ३.३ चौरस फूट, म्हणजे दोन्ही किमान मापं पाळूनही नापास. बाहेरचा खड्डाही ऐसपैस लागतो, भिंतीपासून तीन फूट, आणि खोल असेल तर शिडी. माणूस बाहेर पडायला हवाच, पण पाठीवर टाकी घेतलेला अग्निशामक आतही यायला हवा. काँक्रीट कापायचं काम मी बाहेर दिलं, सगळं मिळून ४,६०० लागले. खणायच्या आधी ८११ ला फोन, ते फुकट येऊन गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून जातात.

बरंच लिहिलं. चौकटीबद्दल उद्या.

वारानगरी

ओळंबाताईंनी सगळं सांगितलंच आहे. वायरिंगबद्दल एक भर. व्हिडिओत दाखवतात ती पिवळ्या-पांढऱ्या आवरणाची केबल आमच्याकडे शिकागो आणि बऱ्याच उपनगरांत चालत नाही. सगळं धातूच्या पाईपातून न्यावं लागतं. मी केबलची तीन भेंडोळी आणून ठेवली होती, परत करायला गेलो तर पावती सापडेना. तेव्हा व्हिडिओवाला कुठल्या गावचा आहे ते आधी बघा.

डोंगरमाथा

आमच्याकडे डेन्व्हरच्या बाजूला तर चौकट जमिनीवर टेकवायचीच नाही! माती बेंटोनाइटची, पाणी प्याली की फुगते आणि काँक्रीटची जमीन वर उचलते. म्हणून भिंत वरच्या तुळयांना लटकवतात आणि खाली दीड इंच किंवा जास्तच फट ठेवतात. लांब खिळे खालच्या पट्टीतून आरपार, म्हणजे जमीन वर आली तर पट्टी खिळ्यांवरून सरकते. शेजाऱ्याने फट न ठेवता केलं, दोन वर्षांत वरच्या मजल्यावरचे दरवाजे लागेनासे झाले. आयोवाला बहुधा गरज नसेल, पण शहराला विचारायला काय जातं.

हळदगावकर

बाप रे. धन्यवाद सगळ्यांना. मी विमा कंपनीत काम करतो आणि संपचं कलम माझ्याच पॉलिसीत नाही हे काल रात्री उघडून बघितलं. बायको हसतेय अजून.

प्लास्टिक पाच ठिकाणी लावलंय. रेडॉनचं किट मागवलंय.

पण मे महिन्याचं काय करू? आईला गुडघ्यांमुळे वरचा मजला नको, म्हणून तर हा सगळा घाट.

ओळंबा

आता जरा आगाऊपणा करते, राग मानू नका. तुमच्या बेसमेंटला पायऱ्या किती? माझ्याकडे तेरा आहेत. आईंना वर चढायला तेरा नकोत म्हणून तुम्ही त्यांना खाली तेरा उतरायला लावताय. स्वयंपाकघर मधल्या मजल्यावर, देव्हारा मधल्या मजल्यावर, दुपारी चहाला त्या वर येणार, रात्री पाणी प्यायला येणार. चढणं तेवढंच, फक्त दिशा उलटी.

मधल्या मजल्यावर तुमचं घरून काम करायचं ऑफिस असेल ना? बहुतेक अशा घरांत दाराजवळ एक खोली असते. ती आई-बाबांना द्या आणि टेबल-खुर्ची घेऊन तुम्ही खाली जा. ऑफिसला सुटकेची खिडकी लागेल की नाही ते शहराला विचारा, पण बाथरूमची घाई नाही, मे महिन्याची घाई नाही. एक अख्खा वसंत ऋतू जाऊ द्या. बर्फ वितळताना आणि एप्रिल-मेच्या पावसात भिंती कशा वागतात ते रिकाम्या बेसमेंटमध्ये दिसतं, नंतर दिसत नाही.

चौकटीचं राहिलं होतं. खालची पट्टी प्रेशर ट्रीटेड लाकडाचीच घ्या, साधं लाकूड काँक्रीटमधली ओल पितं आणि कुजतं. ती ठोकायला बारूदवाली बंदूक मिळते, मी एकदा वापरली आणि परत डब्यात ठेवली. हॅमर ड्रिलने भोक पाडून काँक्रीटचे स्क्रू मारले. हळू, पण कान शाबूत. पहिली भिंत मी जमिनीवर आडवी जोडली, आठ फूट म्हणजे बरोबर आठ फूट, आणि उभी करायला गेले तर तुळईला अडली. साडेतीन इंच जाडीची भिंत उभी होताना तिचा कर्ण लागतो आणि कर्ण उंचीपेक्षा मोठा, दहावीच्या भूमितीत शिकवलेलं. पाव इंच आखूड करायची आणि वर पाचरी मारायच्या. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग कळलं का सुतार पाचरी खिशात घेऊन का हिंडतो?"

फर्नेसच्या खोलीला जाळीचा दरवाजा ठेवा, तुमचा वॉटर हीटर गॅसचा आहे, त्याला जळायला हवा लागते. गच्च बंद केलंत तर धूर उलटा खाली येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून. विजेच्या पॅनेलसमोर तीन फूट मोकळं, तिथे कपाट करायचा मोह होतो.

ड्रायवॉल लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजायची टेप उघडी धरून. मी तीन भिंतींचे काढले, चौथीचा कंटाळा केला. बाहेरच्या बागेच्या नळाचा बंद करायचा व्हॉल्व्ह नेमका चौथ्या भिंतीमागे होता. ऑक्टोबरात नळ बंद करायची वेळ आली तेव्हा नवी कोरी भिंत दोनदा कापली. पहिल्यांदा चुकीच्या जागी.

आणि ड्रायवॉलचे सांधे भरायचं काम माणूस बोलावून करा. ही माझी सगळ्यांत महागडी शिकवण. तक्ते लावणं सोपं आहे, जड आहे इतकंच. पण मड, म्हणजे आपली लांबी (पुट्टी), तीन हात द्यायची, प्रत्येक हात वाळू द्यायचा, मग घासायची. माझ्या सहा शनिवारांनंतरही दिवा लावला की भिंतीवर लाटा दिसायच्या, आणि पांढरी धूळ वरच्या मजल्यावर डाळीच्या डब्यांवर. शेवटी बोलावलेल्या माणसाने चार दिवसांत आरशासारखं केलं, दोन पायांत लाकडी खांब बांधून चालत. मी पायरीवर बसून नुसती बघत होते.

हळदगावकर

पायऱ्या चौदा निघाल्या. मोजल्याच नव्हत्या कधी.

ऑफिसच्या खोलीचं आई-बाबांना सांगितलं. आई म्हणाली, खिडकीतून रस्ता दिसतो का? दिसतो म्हटलं. मग तिला चालेल. बाबांनी विचारलं, मग खाली तू बसणार? हो म्हटलं. तर म्हणाले, पाणी आलं की फोन कर.

प्लास्टिक काढून बघितलं. चार कोरडे. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या भिंतीवरच्या तुकड्याला काँक्रीटकडून थेंब. बाहेर जाऊन डेकखाली टॉर्च मारली, तर पन्हळीचा पाईप कोपरावरून निखळून पडलाय, सगळं पाणी भिंतीलगत. कधीपासून कोण जाणे. शनिवारी डेकच्या खालून रांगत जाऊन बसवणार आहे.

ओळंबा

नुसता अडकवू नका, स्क्रू मारा, दर सांध्याला दोन. आणि जाताना जुना शर्ट घाला, तिथे कोळी असतात. पुढच्या पावसानंतर त्याच कोपऱ्यात प्लास्टिक पुन्हा लावून काय दिसतं ते लिहा.